बिनलोण्याचे बटाटे

तात्यांनी उभं आयुष्य दुधात काढलं. पुढे डेअरीचं दुकान, मागे घर, आणि मधलं दार दिवसभर उघडंच. त्यामुळे दुकानातलं दूध घरात आणि घरातली भांडणं दुकानात, असा दोन्हीकडून व्यवहार चालू असायचा. दुकान वडिलांनी काढलं, तात्यांनी वाढवलं. लोणी हे या घरात खायला कमी आणि उपायाला जास्त वापरलं जाई. ओठ फुटले, लोणी लावा. बिजागरी कुरकुरली, लोणी लावा. पोर रडतंय, बोटभर लोणी चाटवा. आणि अशा घरात नशिबानं नात कुठली धाडावी, तर दुधाचा थेंब पोटात गेला की जिचा घसा सुजतो, अशी.

नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. तिला दूध चालत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं, सूनबाईनं सांगितलं, मुलानं फोनवर सांगितलं. तात्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंच मनावर घेतलं नाही. दुधानं कधी कुणाचं वाईट झालंय का, असा त्यांचा सवाल होता, आणि दूध विकणाऱ्या माणसाला हा सवाल पडला तर त्यात नवल नाही. मग मागच्या हिवाळ्यात एका दुपारी त्यांनी कुस्करलेल्या बटाट्यात चमचाभर लोणी मिसळलं आणि नातीला मांडीवर घेऊन भरवलं. एवढंसं काय होतंय, म्हणून.

जे व्हायचं ते झालं. भिंगरीचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, आणि सगळी वरात दवाखान्यात गेली. तिथे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं होतं? तात्या म्हणाले, नुसता बटाटा. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. भीतीनं माणसाच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. शेवटी त्यांच्या बायकोनंच खरं काय ते सांगितलं, तेव्हा कुठे नेमकं औषध सुरू झालं. पोर वाचली, संध्याकाळपर्यंत खाटेवर उड्याही मारू लागली. पण बाहेरच्या बाकावर सूनबाई शांतपणे म्हणाली, “लोण्याचं मी एक वेळ विसरेन, तात्या. पण विचारल्यावर तुम्ही नाही म्हणालात.”

त्या दिवसापासून सूनबाई या घरी यायची ती मोठी टोपली घेऊन. त्यात जेवण तिचं, ताटल्या तिच्या, चमचे तिचे, हात पुसायचं फडकंसुद्धा तिचं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर ताकाचंही नाव काढायची सोय नव्हती. ती भांडायची नाही, टोमणे मारायची नाही. टोपली उघडायची, पोरीला जेवू घालायची, टोपली बंद करायची. तात्यांना वाटायचं, हिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि आता सूनबाईला छापखान्यात नोकरी लागली होती. मुलगा लांबच्या मालगाड्या चालवायचा, तो घरी कमी आणि रुळांवर जास्त. सोमवारपासून शाळा सुटल्यावर पोरीला कुठे ठेवायचं, हा प्रश्न उभा राहिला. चौकात एक पाळणाघर होतं. तिथल्या बाई चांगल्या, पण मुलं फार. नाहीतर मग आजी-आजोबा. सूनबाईनं बराच विचार केला असावा. तिनं फोन केला आणि सांगितलं, रविवारी जेवायला येते. कोंबडी आणि पाव मी आणते, तोंडीलावणं तुम्ही करा. पोरगी तुमच्या घरचं एक जेवण नीट जेवली, की मग बघू.

मग बघू, एवढंच. पण तात्यांना त्यातलं सगळं कळलं. जेवण बिघडलं तर पोर पाळणाघरात जाणार, आणि आपल्या वाट्याला टोपलीतलेच रविवार येणार.

त्यांची बायको, जिला सगळी गल्ली मोठीबाई म्हणायची, दुकानातल्या ओल्या फरशीवर घसरून हात मोडून बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, जीभ मात्र शाबूत. ती म्हणाली, पोरीला काकडी चिरून द्या, मीठ लावा, झालं. काकडीनं कुणाचं नुकसान केलेलं तिनं ऐकलं नव्हतं. पण तात्यांनी मान हलवली.

“बटाट्यात घाण केली, बटाट्यातच निस्तरणार,” ते म्हणाले.

“मग निस्तरा,” मोठीबाई म्हणाली. “मी खुर्चीत बसून बघते. तेवढाच विरंगुळा.”

तात्या कामाला लागले. लोण्याशिवाय बटाटा भाजायचा, तोही असा की पोरीनं मागून घ्यावा. पहिल्या दिवशी त्यांनी ओव्हनचा ट्रे काठोकाठ भरला, आणि बटाटे भाजण्याऐवजी एकमेकांच्या वाफेत शिजून गिळगिळीत झाले. दुसऱ्या दिवशी लसूण सुरुवातीलाच घातला, तो कोळसा झाला आणि घरभर कडवट धूर. ‘नमनाला घडाभर तेल’ म्हणतात ते मोठीबाईला त्या आठवड्यात प्रत्यक्ष बघायला मिळालं, आणि तिनं ते बोलूनही दाखवलं. तात्या चिडले नाहीत. माणूस एकदा हट्टाला पेटला की त्याला चिडायलाही सवड नसते.

हळूहळू बटाटा त्यांना वश होऊ लागला. आधी मिठाच्या पाण्यात अर्धाकच्चा उकडायचा. पाणी काढून पातेल्यावर झाकण दाबून धरायचं आणि पातेलं चांगलं गदागदा हलवायचं, म्हणजे फोडींच्या कडा खरबरीत होतात. त्या खरबरीत कडांनाच पुढे कुरकुरीतपणा येतो. ट्रेमध्ये तेल आधी कडकडीत तापवायचं, मग फोडी सोडायच्या, आणि एकीला दुसरीचा धक्का लागू द्यायचा नाही. मीठ आधी, मिरी नंतर, लसूण अगदी शेवटी. शुक्रवारी जे बटाटे निघाले ते मोठीबाईनं डाव्या हातानं खाल्ले आणि ताटली पुन्हा पुढे केली. तिच्याकडून याहून मोठी शाबासकी त्यांना लग्नापासून मिळाली नव्हती.

पण बटाटा हा अर्धाच भाग होता. दुसरा भाग म्हणजे घर. तात्यांनी नवा ट्रे आणला, नवा कालथा आणला, तेलाची नवी बाटली आणली. घरातलं दूध, दही, लोणी, सगळं दुकानाच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं आणि मधलं दार आयुष्यात पहिल्यांदा लावून घेतलं. ओटा सोड्यानं घासला, फडकी उकळली, टेबलाच्या खालच्या बाजूवरूनसुद्धा हात फिरवला. एक फळी रिकामी करून पुसून ठेवली आणि नवी भांडी तिच्यावर मांडली. मोठीबाई म्हणाली, लग्नात एवढी सफाई केली असतीत तर माझ्या माहेरचे खूश झाले असते. तात्या सांडशीच्या खाचा घासत होते.

रविवार उजाडला. सकाळपासून सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. बटाटे उकडले, पातेलं हलवलं, तेल तापलं, फोडी चुर्र करून ट्रेमध्ये उतरल्या. त्या पलटायची वेळ झाली आणि नेमकी तेव्हाच दाराची घंटा वाजली. दारात सूनबाईचा आवाज, भिंगरीच्या पायांची धावपळ, मोठीबाईचं ‘अगं हाताला धक्का लावू नकोस’. तात्यांनी ट्रे बाहेर ओढला. दोन-चार फोडी तळाला घट्ट चिकटल्या होत्या. नव्या कालथ्याची कड जाड होती, ती काही खाली शिरेना. फोडींचा पापुद्रा सुटून ट्रेलाच राहणार असं दिसताच तात्यांच्या अंगाला घाम फुटला. गडबडीत माणूस डोक्यानं काम करत नाही, हातानं करतो. हात जिथे जायचा तिथे गेला, फोडी सुटल्या, पलटल्या, लसूण पडला, ट्रे आत गेला. तात्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पाहुण्यांना पाणी द्यायला बाहेर आले.

सूनबाईनं टोपलीतून कोंबडीचं मोठं काचेचं भांडं काढून टेबलावर ठेवलं. तिच्या घरचंच, झाकणवालं. ती इथे येताना नेहमी याच भांड्यातून जेवण आणायची. पाव कापून ठेवला. मग ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही, नुसती बघत राहिली, रिकामी फळी, उकळलेली फडकी, लावलेलं मधलं दार. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. भिंगरी टेबलाशी बसून दोन्ही हातांनी टेबल वाजवत होती आणि बटाटे कधी, बटाटे कधी, असा घोष चालू होता.

“वास काय सुटलाय,” सूनबाई म्हणाली. गेल्या हिवाळ्यापासून तिनं या घरातल्या कशालाही चांगलं म्हटलेलं नव्हतं.

तात्यांची छाती फुगली. त्यांनी ओव्हन उघडलं, ट्रे बाहेर काढला. बटाटे असे सोनेरी झाले होते की पाहत राहावं. त्यांनी वाकून वास घेतला.

आणि ते तसेच वाकलेले राहिले.

आठवडाभर त्यांनी हे बटाटे भाजले होते. तेल, लसूण, मिरी, यांचा वास त्यांना पाठ झाला होता. आजचा वास त्या वासापेक्षा चांगला होता. भरलेला होता, गोडसर होता. तात्यांचं नाक दुधाच्या धंद्यात म्हातारं झालेलं. तापलेल्या लोण्याचा वास त्यांना झोपेतही कळला असता. त्यांनी हळूच मान वर केली. दाराच्या मागच्या खिळ्यावर काही नव्हतं. ओट्यावर, नव्या कालथ्याच्या शेजारी, वडिलांचं लाकडी उलथणं पडलेलं होतं.

ते उलथणं लोणी थापायचं. नवं लाकूड आधी गरम लोण्यात मुरवायचं आणि पुढे त्याला साबण कधी दाखवायचा नाही, म्हणजे लोणी त्याला चिकटत नाही. ही वडिलांची शिकवण आणि तात्यांचीही. लाकूड लोणी पितं, वडील म्हणायचे, आणि जेवढं जास्त प्यालं तेवढं कामाला चांगलं. वडील गेल्यावर ते खिळ्यावर टांगलं गेलं आणि इतकी वर्षं तिथे राहिलं की ते वस्तूंमधून उठून भिंतीत जमा झालं. आठवडाभर तात्यांनी सगळं घर घासलं, पण भिंतीला कोण घासतं? अडचण आली की हात मात्र जुन्या वाटेनं तिथेच गेला, आणि लाकडानं पिढ्यान् पिढ्या प्यालेलं लोणी कडकडीत तेलात सोडून दिलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता.

मोठीबाई मदतीच्या निमित्तानं आत आली होती. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला, उलथणं पाहिलं, आणि तिला सांगावं लागलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं कळतंच. तिनं बाहेर एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“पडले म्हणून सांगा.”

तात्यांच्या हातात ट्रे तसाच होता.

“ट्रे निसटला हातातून, सगळे जमिनीवर गेले. म्हाताऱ्या माणसाच्या हातून पडतं. कुणी काही म्हणणार नाही. पोरीच्या पोटात तर काही जाणार नाही ना? मग कशाला हात दाखवून अवलक्षण करायचं? खरं सांगितलंत तर उद्यापासून पोर पाळणाघरात.”

बोलणं वाकडं नव्हतं. तात्यांनी क्षणभर ट्रे खरंच तिरका केला. एक झटका, की सगळं जमिनीवर, आणि सगळ्यांची सुटका. भिंगरी रोज दुपारी इथे येईल, दुकानातल्या स्टुलावर बसून पाय हलवेल, गिऱ्हाइकांना नावं ठेवेल. त्यांना ते फार हवं होतं. आणि त्याच वेळी त्यांना दवाखान्यातला आपलाच आवाज ऐकू आला. नुसता बटाटा. कितीही वेळा विचारा, नुसता बटाटा.

ताकाला जाऊन भांडं एकदा लपवून झालं होतं. आणखी एकदा नाही.

तात्यांनी ट्रे सरळ केला, ओट्यावर ठेवला आणि ते उलथणं हातात घेऊन बाहेर आले. मोठीबाई मागे कपाळाला डावा हात लावून उभी राहिली.

“सूनबाई,” ते म्हणाले, “ते बटाटे पोरीला द्यायचे नाहीत. यानं पलटले मी. हे लोण्याचं उलथणं आहे. माझ्या लक्षात आलं नाही, आत्ता वासावरून आलं.”

भिंगरीचं टेबल वाजवणं थांबलं. सूनबाईनं उलथण्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे. तिचा हात नकळत पर्सवर गेला होता, जिथे ती पोरीचं इंजेक्शन ठेवायची. तो तसाच राहिला.

“तिनं एकही खाल्लेला नाही?”

“नाही. ट्रे आतच आहे. तिनं अजून पाहिलेसुद्धा नाहीत.”

सूनबाई खुर्चीत बसली. तात्यांना वाटलं, आता टोपली बंद होणार. बंद झाली असती तरी त्यांनी तिला दोष दिला नसता. पण ते हललेही नाहीत. “बटाटे आणखी आहेत माझ्याकडे,” ते म्हणाले. “तेल आहे. तू थांबलीस तर मी पुन्हा करतो. पोरीची भूक तेवढी पावावर भागव. आणि थांबायचं नसेल तर तसं सांग, मी पुढच्या रविवारी करीन. त्याच्या पुढच्याही करीन. पण करीन.”

“कशात करणार?” सूनबाईनं विचारलं.

आणि तात्या अडले. नव्या ट्रेला आता लोणी लागलं होतं. बाकी घरात जे जे म्हणून ओव्हनमध्ये जाऊ शकेल ते सगळं लोण्यात वाढलेलं. रविवार, दुकानं बंद. उलथणं हातात धरून ते उभे राहिले.

सूनबाई उठली. तिनं काचेच्या भांड्यातली कोंबडी आपल्या आणलेल्या ताटल्यांवर काढली. ते भांडं उचलून स्वयंपाकघरात गेली, आपल्या फडक्यानं स्वच्छ पुसलं आणि तात्यांच्या पुढे ओट्यावर ठेवलं. टोपलीतला आपला काटाही त्याच्या शेजारी ठेवला.

“यात करा,” ती म्हणाली. “ओव्हनमध्ये चालतं हे.”

तात्यांनी उलथणं नि ट्रे आधी दुकानात नेऊन टाकला. मधलं दार पुन्हा लावलं, कोपरापर्यंत हात धुतले, ओटा धुतला, पुन्हा हात धुतले. सूनबाई सोलायला पुढे झाली, तेव्हा त्यांनी तिला मान हलवून थांबवलं. हे माझं मी करणार, तू पोरीजवळ बस. तिनं ऐकलं, पण पोरीजवळ बसली नाही. दारातच उभी राहून बघत राहिली, आणि यावेळी तात्यांना ते बघणं टोचलं नाही. त्यांनी बटाटे सोलले, उकडले, पातेलं गदागदा हलवलं. दुखरा खांदा बोंबलत होता, त्याला त्यांनी बोंबलू दिलं. काचेचं भांडं ट्रेपेक्षा लहान. फोडींना मोकळी जागा मिळावी म्हणून त्यांनी थोड्याच घेतल्या. बाकीच्या बाजूला ठेवल्या. दहा जणांसाठी गिळगिळीत करण्यापेक्षा एकीसाठी कुरकुरीत करावं.

कोंबडी गार झाली. मोठीबाईनं भिंगरीला पावाच्या तुकड्याची बाहुली करून दिली आणि एका हातानं किती वाईट बाहुली होते ते दोघींनी मिळून पाहिलं. मग आतून वास आला. साधा, तेलाचा, लसणाचा. तात्यांनी तो दोनदा घेतला. मग तिसऱ्यांदा, खात्री म्हणून.

बटाटे एका बाजूनं जरा जास्तच लाल झाले होते, एक-दोन फोडी काचेला चिकटून मोडल्या होत्या. तात्यांनी भांडं टेबलावर ठेवलं आणि ताठ उभं राहून सांगायला सुरुवात केली, तेल नव्या बाटलीतलं, मीठ बंद पुड्यातलं, मिरी आजच कुटली, फडकं—

“तात्या,” सूनबाई म्हणाली, “वाढा.”

त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. गेल्या हिवाळ्यापासून या घरात पाण्याचा पेलासुद्धा विचारल्याशिवाय पोरीच्या तोंडाला लागला नव्हता. त्यांनी काट्यानं एक फोड उचलून भिंगरीच्या ताटलीत ठेवली. भिंगरीनं फुंकर मारली, तोंडात घातली आणि कुर्रम आवाज आला. सगळे त्या पोरीकडे बघत होते, ती मात्र भांड्याकडे बघत होती.

“अजून,” ती म्हणाली. आणि मग, सगळ्या फोडी आपल्याकडे ओढत, “आजीचा हात मोडलाय, तिला नको.”

मोठीबाई हसता हसता रडली, किंवा उलटं. तात्या मात्र पोरीच्या ओठांकडे बघत राहिले. भांडं रिकामं झालं, सूनबाईची पोरीला गोष्ट सांगून झाली, बाहेर ऊन उतरलं, तरी ते बघतच होते. ओठ तेलकट होते. बाकी काही नाही.

निघायच्या वेळी सूनबाईनं टोपली भरली. ताटल्या गेल्या, चमचे गेले, फडकं गेलं. तात्यांनी काचेचं भांडं धुऊन, कोरडं करून तिच्यापुढे धरलं. तिनं ते हातात घेतलं आणि थोडा वेळ धरून ठेवलं.

“चूक माझ्या हातूनही होते,” ती म्हणाली. “मागच्या महिन्यात मीच तिला भलतंच बिस्कीट दिलं होतं. मला एवढंच बघायचं होतं की तुम्ही मला सांगाल की नाही.”

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तात्यांनी रिकाम्या करून पुसलेल्या फळीवर तिनं ते भांडं ठेवून दिलं.

“हे इथेच राहू दे. उद्या शाळा सुटली की ती इकडेच येईल. दुपारी तिला भूक लागते.”

तात्या रिकाम्या हातांनी तिथेच उभे राहिले. मोठीबाई म्हणाली, उद्यासाठी बटाटे शिल्लक आहेत का तेवढं बघा, हातात काही नसताना नुसते उभे राहू नका. तात्या खाली वाकून पिशवीतले बटाटे चाचपू लागले. अंधारात त्यांना नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते, पण बटाटे होते. उद्यापुरते होते.